तापणारा ट्रॅक्टर आणि पाण्याचा हिशेब

रमजानचा महिना लागला की मोंढ्याच्या मागच्या गल्लीतल्या दुकानांच्या वेळा बदलतात. एरवी दहाशिवाय शटर न उघडणारा रेडिएटरवाला मिस्त्री या महिन्यात सहरी करून, फजरची नमाज पढून, घरी न परतता थेट दुकानात येतो. गॅसची बत्ती, तापलेले पितळ, तेजाबाचा धूर हे सगळे ऊन चढायच्या आत उरकायचे. दुपारी घसा कोरडा पडल्यावर आगीसमोर बसणे जिवावर येते. दुपारनंतर बैठे काम, आणि मगरिबच्या अजानआधी अर्धा तास हातपाय धुणे. गल्लीत लहानथोर सगळे त्याला चाचा म्हणतात.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०१४ साली रोजे जूनच्या अखेरीस लागले होते. तेव्हा दुकानात येणारे ट्रॅक्टर पेरणीचे, चिखलाने लडबडलेले असायचे. आता रोजे गव्हाच्या मळणीच्या तोंडाशी येऊन ठेपलेत, आणि मळणीतला जुना ट्रॅक्टर म्हणजे रेडिएटरवाल्याचे सगळ्यात खात्रीचे गिऱ्हाईक.

त्या दिवशी सव्वासातलाच एक लाल मॅसी १०३५ गल्लीत शिरला. नव्वदच्या दशकातला, तीन सिलिंडरचा. बॉनेटचा रंग उडालेला, नळकांड्याला तारेची पट्टी, आणि रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिंधी. मालक साठीचे, डोक्याला टोपी, सोबत बारावीत शिकणारा नातू. अकरा किलोमीटरवरून आले होते.

"चाचा, दोन दिस झाले, अर्ध्या अर्ध्या तासाला उकळतंय. चाळीस पोती व्हायला पायजे व्हती, बारा झाली."

घाई नुसत्या पोत्यांची नव्हती. थ्रेशर भाड्याचे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुढच्या शेतकऱ्याकडे जाणार होते. कापलेला गहू खळ्यावर उघडा पडलेला, आणि आभाळ दोन दिवसांपासून मळभट. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली, ती ज्याने शेतात उभे राहून पाहिली त्याला मार्चमधला ढग वेगळा दिसतो. शिवाय आदल्या संध्याकाळी एका मेकॅनिकने खळ्यावर येऊन सांगितले होते की हेड उतरवावे लागेल, इंजिनच खोलावे लागेल. त्याने सांगितलेला आकडा आबांनी चाचाला सांगितला नाही. फक्त म्हणाले, "तेवढ्यात गव्हाचं सगळंच जातंय."

चाचाने ट्रॅक्टरला हात लावण्याआधी एकच विचारले, "येताना तापला का?"

"न्हाई. रिकामा चालला की तापत न्हाई."

या उत्तरात निम्मे निदान होते. डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, तेवढीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्याला वाहून न्यावी लागते. रिकाम्या ट्रॅक्टरला हे ओझे थोडे असते, अर्धवट बुजलेला रेडिएटरही ते उचलतो. थ्रेशर जोडले की ओझे पूर्ण पडते आणि रेडिएटरची खरी ताकद उघडी पडते. त्यात मळणीच्या वेळी ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. चालताना समोरून येणारा वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा जी हवा ओढतो ती गव्हांड्याने भरलेली. औत हाकताना न तापणारा ट्रॅक्टर खळ्यावर तापतो तो यामुळेच.

इंजिन गार होईपर्यंत चाचाने चिंधी काढू दिली नाही. त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चट्टा आहे, शिकाऊ असतानाचा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण फिरवले की आतला दाब एकदम सुटतो, दबून राहिलेले पाणी क्षणात वाफ होते आणि तोंडावर कारंजे उडते. नातवाने खळ्यावर दोनदा तसेच केले होते, चिंधी होती म्हणून दाब नव्हता आणि तो वाचला. त्याने आणखी एक केले होते, ते ऐकून चाचाच्या कपाळाला आठी पडली. उकळत्या इंजिनात बोअरच्या गार पाण्याची बादली. ओतीव लोखंडाला असा धक्का बसला की ब्लॉकला किंवा हेडला चीर जाऊ शकते. उकळायला लागल्यावर आत पाणी शिल्लक असेल तर ओझे काढावे, इंजिन हळू चालू ठेवावे म्हणजे पंखा आणि पंप आपले काम करतात. पाणीच निघून गेले असेल तर मात्र बंद करावे आणि पाऊणएक तास वाट पाहावी. ही वाट पाहणेच कुणाला जमत नाही.

गार झाल्यावर बॉनेट उघडले. रेडिएटरच्या जाळीत समोरून पाहिले तर फार काही दिसत नव्हते. चाचाने मागे पंख्याच्या बाजूने बल्ब धरला आणि नातवाला पुढून पाहायला लावले. प्रकाश फक्त वरच्या कोपऱ्यातून आला. बाकी जाळीत गव्हांडा, तेलकट धूळ आणि मागच्या हंगामातले पाचट यांचा नमदा बसला होता. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबला तर दीड इंच खाली गेला, अर्धा-पाऊण इंच जायला हवा. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती, म्हणजे तो कप्पीवर घसरत होता. पंखा फिरताना दिसतो म्हणून तो हवा तितका फिरतोच असे नाही.

मग हेडचा प्रश्न. आबांचे लक्ष तिथेच होते. चाचाने तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काळे होते, दुधाळ नव्हते. रेडिएटर तोंडापर्यंत भरून इंजिन चालू केले आणि पाण्याकडे पाहत राहिला. हेडची पॅकिंग फुटली असेल तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतो आणि पाण्यावर बुडबुड्यांची माळ लागते, थांबत नाही. इथे सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले ते अडकलेल्या हवेचे, मग पाणी शांत. पाण्यावर तेलाचा तवंगही नव्हता.

"हेड नाही उतरवायचं आबा. ह्याचं दुखणं पाण्याचं आहे."

आबा तिथेच पाण्याच्या ड्रमवर बसले.

दुखणे पाण्याचे म्हणजे काय, हे चाचाने सांगितले नाही, दाखवले. रेडिएटरच्या वरच्या टाकीत बॅटरी मारली. खाली नळ्यांच्या तोंडांची रांग दिसायला हवी होती. त्यातल्या निम्म्याहून अधिक तोंडांवर पांढरी-तांबूस खपली होती, बंबाच्या तळाशी जमते तशी. ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता त्यांना ती खपली सांगावी लागत नाही. आता बंब गेले, पण गीझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्यावर ती आहेच. पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार पाणी तापले की बाहेर पडतात आणि सगळ्यात गरम जागेला चिकटतात. ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात गरम जागा म्हणजे सिलिंडरच्या भोवतालची. तिथे क्षाराचा पातळ थरही लोखंडाला ब्लँकेट पांघरल्यासारखे करतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचूच देत नाही.

"पाणी कुठलं घालता?"

"बोअरचंच की. दुसरं कुठलं हाय?"

"आणि किती?"

यावर नातवाने उत्तर दिले. मळणीत रोज कळशीभर तरी. एरवीही दोन दिवसांआड तांब्या-दोन तांबे, कारण खाली कुठेतरी टपटप होतेच, वर्षभरापासून.

आता एक साधा हिशेब. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा बोअरचे पाणी ५०० चे आहे. या ट्रॅक्टरमध्ये साधारण १० लिटर पाणी मावते. एकदा भरले तर त्यात ५ ग्रॅम क्षार, म्हणजे चमचाभर. तेवढ्याने जन्मात काही बिघडत नाही, कारण तेच पाणी फिरत राहिले तर नवीन क्षार येणार कुठून? पण रोज वरून भरायचे म्हटले की गोष्ट बदलते. वाफेबरोबर फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतो. हंगामात १०० लिटर भरले तर ५० ग्रॅमपर्यंत क्षार आत गेला. दहा हंगामांत अर्धा किलो, ज्याला जायला वाट फक्त सांडलेल्या किंवा गळलेल्या पाण्याबरोबर. पाण्याच्या कठीणपणाला सगळे दोष देतात, खरा गुन्हेगार तो तांब्या आहे. गळती लहान आहे, वरून घातले की भागते, म्हणून ती वर्षभर कुणी पाहिली नाही, आणि त्या वर्षाने नळ्या बुजवल्या. भरणे ही दुरुस्ती वाटते, हीच त्यातली फसगत.

आणि ती चिंधी. रेडिएटरचे झाकण म्हणजे बाटलीचे बूच नव्हे. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली झडप असते आणि ती पाण्यावर ठरावीक दाब धरून ठेवते. या जातीच्या जुन्या ट्रॅक्टरला सात पौंडांच्या आसपासचे झाकण लागते. तेवढ्या दाबाखाली पाणी शंभराला न उकळता ११० अंशांच्या वर उकळते. चिंधी लावली की ही दहा-अकरा अंशांची सवलत गेली. उकळले की सांडणार, सांडले की भरणार, भरले की क्षार. झाकणात दुसरी एक इवलीशी झडप असते, ती इंजिन गार होताना हवा आत घेते, नाहीतर रबरी पाइप पोटात आवळले जातात. हरवलेले झाकण काही फार महागाचे नसते. काही जण मग हुशारी करून जास्त पौंडांचे झाकण बसवतात. तेही करू नये, जुन्या रेडिएटरचे सांधे त्या दाबाने उकलतात.

आठ वाजता काम सुरू झाले. नातू हाताखाली. रेडिएटरचा खालचा कॉक उघडला, चहासारखे पाणी आले, संपले. पोराला वाटले, झाले रिकामे. चाचाने त्याला इंजिनच्या अंगाला, ब्लॉकवर असलेला दुसरा बूच दाखवला. तो खोलला तर थेंबही नाही. बहुतेक लोक इथे फसतात. रेडिएटर रिकामा करतात, ब्लॉक तसाच राहतो आणि खरा गाळ असतो ब्लॉकमध्ये. चाचाने सायकलच्या आऱ्याची तार आत घातली, फिरवली, ओढली. आधी काही नाही. मग एक गचका, आणि काळसर-लाल चिखल भळभळ बाहेर. गंज, क्षार, जुन्या डिंकाचे तुकडे. कुणीतरी कधीकाळी गळती बुजवायची पावडर घातली होती. आबा उठून पाहायला आले. तीन बादल्या स्वच्छ पाणी वरून घालावे लागले तेव्हा कुठे धार मोकळी झाली.

वरच्या पाइपाखालचे घर खोलले तर थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. तापतो म्हणून कुणीतरी काढून फेकलेला. ही आपल्याकडची फार आवडती दुरुस्ती. थर्मोस्टॅट हा मेणाने चालणारा दरवाजा असतो. गार इंजिनात बंद, आणि पाणी ८० अंशांच्या वर गेले की उघडतो. तो बंद अडकला तर इंजिन तापते हे खरे, म्हणून बदलायचा असतो. काढून टाकला तर इंजिन सकाळी लवकर तापत नाही, थंड सिलिंडरात डिझेल नीट जळत नाही, तेल पातळ होते, झीज वाढते. मोंढ्यातले स्पेअर पार्टचे दुकान दहाला उघडल्यावर नातू नवा घेऊन आला, सोबत झाकण, पट्टा, खालचा रबरी पाइप आणि वॉटर बॉडी. वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप. त्याच्या पोटाखाली मुद्दाम ठेवलेले एक बारीक भोक असते. आतले सील गेले की तिथून थेंब पडतात, बेअरिंगमध्ये पाणी जाऊ नये म्हणून केलेली ती सोय. वर्षभराची टपटप तिथली होती. पंखा धरून हलवला तर दांडाही खुळखुळत होता.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी चाचाने तो दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला आणि पाणी तापवले. उकळी फुटायच्या थोडे आधी झडप हळूच वर उचलली गेली, बाहेर काढल्यावर मिटली. नवा माल आहे म्हणून तपासायचा नाही, असे त्याच्याकडे चालत नाही.

नवे काही बसवण्याआधी मात्र आतला थर विरघळवायचा होता. जुने पाइप पुन्हा लावले, जाळी दुरून हलक्या धारेने पंख्याच्या बाजूकडून पुढे अशी धुतली. उलट धुतले तर कचरा आणखी आत बसतो आणि जोराच्या धारेने पातळ पाने वाकतात. मग १० लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळते तेच. हे पाणी भरून इंजिन तासभर हळू चालवले. क्षार आणि आंबट यांचे जुने वैर आहे, पातेल्याला लिंबाची साल घासणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असते. काही जण इथे संडास धुण्याचे तेजाब ओततात. त्याने क्षार जातो आणि क्षारासोबत डागही, पितळही. तेलकट घाण असेल तर आधी धुण्याच्या सोड्याचे पाणी वेगळे फिरवावे, पण आंबट आणि सोडा एकत्र नाही. फसफसून सगळे तोंडावर येते.

लिंबूसत्त्व घालण्यापूर्वी चाचाने आबांना बजावले होते, "आता गळती वाढल. घाबरू नका." आणि तसेच झाले. ज्या बारीक भोकांना क्षारानेच बूच मारले होते ती उघडी पडली. वीस मिनिटांत रेडिएटरच्या खालच्या सांध्याला तीन ठिकाणी घाम फुटला. आबांच्या चेहऱ्यावरून दिसत होते की चांगले होते ते बिघडवले असे त्यांना वाटते आहे. पण क्षाराने बुजलेले भोक पूर्ण ओझ्यावर, भर खळ्यात उघडते. ते दुकानात उघडलेले बरे.

आंबट पाणी काढले, दोनदा धुतले, खाण्याच्या सोड्याचे फिके पाणी फिरवून उरलेला आंबटपणा मारला, पुन्हा धुतले. मग रेडिएटर उतरवला. इंजिनच्या ब्लॉकला थर्मोस्टॅटच्या घरातून नळी लावून उलट दिशेने पाणी सोडले. नेहमीच्या प्रवाहाने जो खडा अडकतो तो उलट्या प्रवाहाने सुटतो. पाणी नितळ यायला वीस मिनिटे लागली.

अकरा वाजता चाचाने बत्ती पेटवली. खरे तर हे काम त्याला नऊपर्यंत उरकायचे होते. ऊन पत्र्यावर उतरले होते, आणि ओठ कोरडे पडलेले लांबूनही दिसत होते. आबा म्हणाले, "दुपारनंतर करा चाचा, रोजा हाय तुमचा." चाचाने वर न पाहता विचारले, "थ्रेशर थांबल का दुपारनंतर?"

बत्तीच्या ज्योतीने वरच्या टाकीचा डाग वितळवून टाकी सोडवली. आतल्या चपट्या नळ्यांमधून पोलादाची पातळ पट्टी एकेक करून आरपार काढायची, हा रेडिएटर साफ करण्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग. जोर दिला तर नळी फाटते, कमी दिला तर खपली तशीच राहते. दोन नळ्या इतक्या कुजल्या होत्या की त्या दोन्ही टोकांना डाग देऊन कायमच्या बंद केल्या. दोन बंद चालतात, दहा बंद चालत नाहीत.

डाग देण्याची विद्या या घरात कल्हईतून आली. चाचाचे वडील भाता घेऊन गावोगाव जायचे. निखाऱ्यावर पातेले तापवायचे, नवसागर टाकून पांढरा धूर काढायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात चांदी पसरायची. मग स्वयंपाकघरात स्टील आले आणि पितळेची भांडी माळ्यावर गेली. भांड्याचे पितळ गेले तसे मोटारीचे पितळ आले: तांब्याची जाळी, पितळेच्या टाक्या, कथील-शिशाचा डाग. तेजाबात जस्ताचे तुकडे टाकून ते मारायचे आणि त्याने सांधा स्वच्छ करायचा, पुढचे हात तेच. आता नव्या ट्रॅक्टरांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी येते. तिला डाग बसत नाही, फुटली की टाकून नवी आणायची. चाचाचा मुलगा मोबाइल दुरुस्ती शिकला. तिथेही डागकामच आहे, फक्त भिंगाखालचे.

दीडच्या सुमारास रेडिएटरची तोंडे रबराने बंद करून आत थोडी हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. एका कोपऱ्यातून मोत्यांची सर निघाली. बाहेर काढून पुसला, डाग दिला, पुन्हा बुडवला. तिसऱ्यांदा पाणी हलले नाही. चाचा जोहरच्या नमाजला गेला. जाताना हात साबणाने दोनदा धुतले, नखांच्या कडाही. शिसे हातावरून पोटात जाते आणि शरीरात साचते. रोजा सोडताना खजूर याच हाताने उचलायचा असतो.

दुपारी जोडणी. वॉटर बॉडी, पट्टा, पाइप, थर्मोस्टॅट. बोअरचे पाणी आता नको, म्हणून मोंढ्यातून आरओचे पाणी आणि कूलंट आणले, निम्मे-निम्मे मिसळले. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. ते गंज धरू देत नाही आणि उकळबिंदू आणखी थोडा वर नेते, एवढ्यासाठी. मात्र ते विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे, जनावरे चाटतात. चाचाच्या दुकानात जुने कूलंट गटारात जात नाही, झाकणाच्या कॅनमध्ये जाते, आणि कॅन फळीवर, पोरांच्या हाताबाहेर.

साडेसहा झाले. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू केले. ब्लॉकच्या कोपऱ्यात अडकलेली हवा निघायला हवी. थर्मोस्टॅट उघडला की पाणी एकदम खाली जाते, तेव्हा लगेच भरायचे, आणि मगच झाकण. मध्येच झाकण लावले तर हवेचा फुगा आत राहतो आणि सगळे करून पुन्हा तापते. उघडायला दहा मिनिटे लागतात, कधी पंधरा.

अजान आधी झाली.

"तुमी घ्या चाचा," आबा म्हणाले. "म्या बघतो."

शेजारच्या टायरवाल्याने बाकावर वर्तमानपत्र पसरले होते. खजूर, भजी, आणि आबांच्या नातवाने मोंढ्यातून आणलेले कलिंगड. चाचाने खजूर तोंडात टाकला, पाण्याचा पहिला घोट घेतला आणि तिथूनच ओरडला, "वरचा पाइप धरून बघा, गरम झाला का?"

"न्हाई अजून."

आबा चष्मा पुसून रेडिएटरच्या तोंडात पाहत उभे होते. पंचवीस वर्षे हा ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता, त्यात हजारदा त्यांनी पाणी घातले असेल. मिनिटभराने त्यांचा हात पाइपावरून झटकन उचलला गेला. "गरम झाला! पाणी गेलं, खाली गेलं!"

"घाला मग. हळू. वरच्या पट्टीपर्यंत."

पाऊण लिटर बसले. बुडबुडे आले, थांबले. झाकण लावताना नातवाने ते दोन्ही टप्पे फिरवून पक्के केले. चाचाने भज्याचा घास तोंडात असतानाच मान हलवली.

आठ वाजता लाल मॅसी गावाकडे निघाला. मागे पाच लिटरचे दोन कॅन, आरओच्या पाण्यात कूलंट मिसळलेले.

पहाटे साडेचारला चाचाचा फोन वाजला. यावेळी हा माणूस सहरीला जागा असणार हे आबांना ठाऊक होते.

"झालं चाचा. शेवटचं पोतं आत्ता शिवलं. दोनच थेंब पडले पावसाचे, पुढं न्हाई."

"पाणी किती खाली गेलं?"

"बघितलं न्हाई. इंजिन गरम हाय."